आईचे ४१ लेख जुन्या फाँटमध्ये अडकलेत, बाहेर कसे काढू?

वाशिष्ठीकाठ · ७ जून, रात्री ११.२०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

माझी आई चिपळूणजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर तिने गावाबद्दल लेख लिहिले. भाताची लावणी, शिमगा, आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची धांदल, शाळेत नाव घातलेली पहिली मुलगी, विहिरीवरची भांडणं, सगळं. एकूण ४१. फुलस्केप वह्यांत, हिरव्या शाईने. २००२-०३ मध्ये पुस्तक काढायचं ठरलं आणि एका डीटीपीवाल्याकडून सगळं टाइप करून घेतलं. पुढे पैसे जमले नाहीत, पुस्तक राहून गेलं. त्याने दिलेली सीडी मी ठाण्याला घेऊन आले आणि कपाटात ठेवून विसरले.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. वह्या दोन दिवस चिखलात राहिल्या. उन्हात घातल्या तर पानाला पान चिकटून लगदा झालेला, आणि शाई कुठेच नाही. आई काही बोलली नाही. वह्यांचे पुठ्ठे तेवढे तिने धुऊन, वाळवून ठेवले. अजून आहेत.

आता ती ७९ वर्षांची आहे. दृष्टी अधू झालीय, छापील पुस्तक वाचवत नाही. मोबाइलवर अक्षर मोठं करून दिलं की हळूहळू वाचते. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "माझं ते लिहिलेलं कुठे असेल का गं?"

तेव्हा मला सीडी आठवली. लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. ४० फाइली उतरल्या. १७ नंबरच्या लेखावर ड्राइव्ह घरघर करत थांबतो. सगळ्या फाइली पेजमेकर नावाच्या, पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या आहेत आणि माझ्याकडे एकही उघडत नाही. कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. मला अगदी पहिल्या पायरीपासून सांगावं लागेल.


रानजाई · ७ जून, रात्री ११.५२

ताई, आधी एक करा. ती सीडी आता पुन्हा पुन्हा लावू नका. जे ४० लेख उतरलेत त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवा. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, जे काही करायचं ते प्रतीवर. मी माझ्या आजीच्या ओव्या एकाच हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. ती डिस्क गेली, ओव्या गेल्या आणि तोवर आजीही गेली होती. म्हणून इतक्या रात्री घाईने लिहितेय.


खिळेजुळारी · ८ जून, सकाळी ६.१५

वाशिष्ठीकाठ ताई, घाबरू नका. फाइली आहेत म्हणजे लेखन आहे.

मी १९७९ पासून छापखान्यात. आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले, मग ऑफसेट आलं तेव्हा डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, शिकलो. त्या काळात हे का झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आपण आज मोबाइलवर 'क' लिहितो तेव्हा आत खरोखर 'क' साठवला जातो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, तीत देवनागरीला स्वतःची जागा आहे, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पण २००२ साली डीटीपीचं बहुतेक काम पेजमेकरवर चालायचं, आणि पेजमेकरला शेवटच्या आवृत्तीपर्यंत युनिकोड आलं नाही. त्यामुळे मराठी फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. आत साठवलंय इंग्रजी अक्षर किंवा डॉलरची खूण, पण तो फाँट असला की पडद्यावर 'ठ' दिसतो. फाँट काढून घेतला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही कधी कधी वेगळी. पानं छापून झाली की आमचं काम संपायचं. वीस वर्षांनी कुणी ती फाइल मोबाइलवर वाचू बघेल हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. याची मला खंत आहे.

लिब्रेऑफिस उतरवून घ्या, ते फुकट आहे. त्याच्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली उघडतात. मांडणी विसकटेल, त्याची काळजी करू नका. मजकूर आणि फाँटचं नाव, एवढंच आपल्याला हवं.

सीडीसाठी: मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. मग दुसऱ्या कुणाच्या तरी ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा वाचतो, हे मी अनेकदा पाहिलंय.


वाशिष्ठीकाठ · ९ जून, रात्री १.०५

काका, उघडल्या! चाळीसच्या चाळीस. फाँटचं नावही मिळालं, तुम्हाला निरोपात पाठवलंय.

पण पुढे अडले. उघडल्यावर इंग्रजी अक्षरं, कंसाच्या खुणा, डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं असं सगळं दिसतं. तो फाँट कुठे मिळाला नाही. मग शोधून एक फुकट परिवर्तक वापरला, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणणारा. मराठी दिसायला लागलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. पण वाचायला गेले तर 'वर्ष'चं 'वषर्' झालंय. 'सूर्य'चं 'सूयर्'. 'विद्यार्थी' तर 'िवद्याथीर्' असं आलंय, आधी हवेत एक वेलांटी आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ. 'दुसऱ्या'च्या जागी काहीतरी तिसरंच. आई शाळेत शुद्धलेखनाला फार कडक होती. हे तिच्या हातात देऊ शकत नाही मी.

तीन तास बसून एक पान हाताने सुधारलं. चाळीस लेखांची मिळून तीनशेहून जास्त पानं आहेत. आता झोपते.


अर्धाविसर्ग · ९ जून, सकाळी ९.४०

हाताने सुधारू नका, थांबा. मी बंगळूरला असतो, सॉफ्टवेअरचंच काम करतो आणि हा प्रकार आधी एकदा हाताळलाय.

'वषर्' का होतं ते बघा. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी. रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी बसतो म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. 'वि' म्हणजे आधी 'व', मग वेलांटी. 'र्ष' म्हणजे आधी 'र', मग हलन्त, मग 'ष'. तुम्ही वापरलेल्या परिवर्तकाने चित्राला चित्र बदललं, पण क्रम उलटवला नाही. वेलांटी एक अक्षर मागे न्यायची आणि रफार पूर्ण अक्षर ओलांडून पुढे आणायचा, हे त्याला करता आलेलं नाही. 'र्थी'मध्ये रफाराने फक्त 'थ' नव्हे, दुसरी वेलांटीही ओलांडायला हवी. तिथेच तो अडखळतो.

दुसरी अडचण याहून किचकट आहे. अशा फाँटमध्ये 'ण', 'श', 'ख' ही अक्षरं बऱ्याचदा अखंड नसतात. अर्धा 'ण' आणि एक उभा दंड अशी दोन चित्रं जोडून 'ण' होतो. तोच दंड कान्यासाठीही वापरतात. त्यामुळे एक दंड दिसला की तो अक्षराचा आहे की काना आहे, हे मागचं चित्र बघून ठरवावं लागतं. शिवाय अनुस्वाराची दोन-तीन रूपं, वेलांटीची अरुंद आणि रुंद रूपं, जोडाक्षरांची वेगळी चित्रं. सगळी मिळून दोनशेच्या आसपास खुणांचा तक्ता लागेल.

तक्ता करायला एक गोष्ट हवी: यातल्या एका तरी लेखाचा छापील कागद. काही आहे का?


वाशिष्ठीकाठ · ९ जून, दुपारी २.१०

आहे! २००३ मध्ये तिचा 'आगोट' हा लेख एका स्थानिक दिवाळी अंकात आला होता. तो अंक माझ्याकडेच आहे, म्हणून पुरातून वाचला. साडेसहा पानं. संध्याकाळी घरी गेले की फोटो काढून पाठवते.


लेखणीवाला · ९ जून, दुपारी ३.३०

एवढा खटाटोप कशाला? त्या फुकट परिवर्तकातूनच सगळं काढा आणि मग एकदम शोधा-बदला करा. 'दुसर्या' असं जे चुकीचं आलंय तिथे सगळीकडे 'र्य'च्या जागी 'ऱ्य' घाला. दहा मिनिटांचं काम.


खिळेजुळारी · ९ जून, संध्याकाळी ७.००

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण असं करू देऊ नका त्यांना. मराठीत रफार आणि हा आडव्या शेपटीचा अर्धा 'र', दोन्ही लागतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला, 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. एकदम बदल केला की 'सूर्य'ही बिघडेल, 'कार्य'ही बिघडेल. आणि हे कोकणातलं लेखन आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. बाईंच्या लेखांत दोन्ही असणार.

आमच्या खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत रफाराचं घर वेगळं होतं आणि या 'र'चं वेगळं. नवा मुलगा कामाला आला की पहिल्या आठवड्यात त्याला ही दोन घरं दाखवायची. घाईत एकाचा खिळा दुसऱ्याच्या घरात पडला तर पुढची चार पानं नासायची.


अर्धाविसर्ग · ११ जून, रात्री १२.१५

अंकाचे फोटो मिळाले, फार स्वच्छ आहेत. 'आगोट'चा छापील मजकूर एका बाजूला आणि फाइलीतली खुणांची रांग दुसऱ्या बाजूला ठेवून दोन रात्री बसलो. लेखाचं पहिलं वाक्य आहे: "मिरग आठ दिवसांवर आला की आमच्या गावाला पाय फुटतात." त्या एका वाक्यातूनच तक्त्यातल्या बऱ्याच खुणा भरल्या. साडेसहा पानं संपली तेव्हा १८३ खुणा निश्चित झाल्या होत्या. 'ज्ञ' आणि 'ङ' त्या लेखात नव्हते, ते बाकीच्या लेखांतल्या शब्दांवरून ओळखले.

खिळेजुळारी काका, तुमच्यासाठी आनंदाची बातमी. मूळ फाइलीत रफाराची खूण वेगळी आहे आणि आडव्या 'र'ची वेगळी. म्हणजे टाइप करणाऱ्याने फरक पाळला होता, परिवर्तकाने दोघांना एकाच भांड्यात ओतलं. मी माझ्या तक्त्यात आडव्या 'र'ला 'ऱ' आणि हलन्त अशी जोडी दिली. आता 'दर्या' दर्याच राहतो आणि 'दऱ्या' दऱ्या.

आणखी काही ठरवलंय, हरकत असेल तर सांगा. 'अ' पुढे काना अशी जोडी जिथे आली तिथे सरळ 'आ' केलाय. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की जोडीचा 'आ' सापडत नाही. 'दु:ख'मध्ये विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविरामाची खूण होती, तिथे खरा विसर्ग घातला. 'अॅल्युमिनियम'साठी 'ॲ' वापरलाय. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी 'अ' वर चंद्र चिकटवून भागवत असत.

पाच लेख करून निरोपात पाठवलेत. ताई, बघून सांगा.


वाशिष्ठीकाठ · ११ जून, सकाळी ७.३०

ऑफिसला जाताना लोकलमध्ये उभ्याने वाचतेय. 'विद्यार्थी' नीट आलाय. 'वर्ष' नीट आलंय. 'विहिरीवरची भांडणं' मी पहिल्यांदाच पूर्ण वाचली, कारण तेव्हा माझी दहावी होती आणि आईच्या वह्या मी कधी उघडल्याच नाहीत. कसे आभार मानू तुमचे.


रानजाई · ११ जून, सकाळी ८.१०

आता मुद्रितशोधन वाटून घेऊ या. ४० लेख आहेत. प्रत्येकाने चार घेतले तर दहा जण पुरतात. मी १ ते ४ घेते.


वैनगंगा · ११ जून, सकाळी ८.४५

५ ते ८ माझ्याकडे. मी भंडाऱ्याची, बारा वर्षं मुद्रितशोधन करते आहे.


खिळेजुळारी · ११ जून, सकाळी ९.०५

२६ ते ३३ मला द्या. डोळे अजून चांगले आहेत. एक विनंती सर्वांना: शंका आली तर शब्द बदलू नका, त्याला पिवळा रंग द्या. लेखिका हयात आहेत, त्यांना विचारता येतं.


अर्धाविसर्ग · १३ जून, रात्री १०.५०

सगळे लेख माझ्या छोट्या संकेतस्थळावर चढवलेत, दुवा निरोपात. तिथेच वाचा, तिथेच पिवळा रंग द्या, म्हणजे दहा प्रती फिरणार नाहीत.


खिळेजुळारी · १४ जून, सकाळी ६.४०

२९ नंबरचा 'पालखी' हा लेख अर्धाच आहे. "ढोल थांबले आणि पालखी सहाणेवर ये" इथे थांबतो. वाक्यही पुरं नाही.


वाशिष्ठीकाठ · १४ जून, सकाळी ८.००

तो तिचा सगळ्यात मोठा लेख आहे. तो अर्धा असूच शकत नाही. सीडीतच खराब झाला का?


अर्धाविसर्ग · १४ जून, सकाळी ९.२०

चूक माझी आहे, यात सीडीचा दोष नाही. मूळ लेख माझ्या संगणकावर पूर्ण आहे, आत्ताच पाहिलं.

संकेतस्थळाच्या साठवणीत मी लेखासाठी ठेवलेला रकाना ६५,५३५ बाइटचा होता. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात: 'क'ला तीन, कान्याला तीन, अनुस्वाराला तीन. ६५,५३५ भागिले तीन म्हणजे २१,८४५. मधल्या मोकळ्या जागा एकेका बाइटच्या, म्हणून लेख त्याच्या थोडा पुढे गेला आणि तुटला. माझ्या साठवणीने काही तक्रार न करता उरलेला भाग टाकून दिला. चढवल्यावर दोन्हीकडची लांबी पडताळून पाहायला हवी होती, ते मी केलं नाही. रकाना मोठा केलाय, लेख पुन्हा चढवलाय आणि चाळीसही लेखांची लांबी मूळ फाइलींशी ताडून पाहिली. आता सगळे पूर्ण आहेत. ताई, सकाळी सकाळी तुम्हाला धक्का दिला, माफ करा.

तुमच्यापैकी कुणी दीर्घकथा कुठेही चढवत असेल तर शेवटचं वाक्य आलंय का ते नक्की बघा. तुटलेला लेख तुटलाय असं कुणी कळवत नाही.


वैनगंगा · १५ जून, रात्री ९.३०

माझे चार झाले. फार सुंदर लिहिलंय आईंनी. विचारायचं एवढंच:

लेख ५ मध्ये "परसाच्या वईला करवंदं" असं आहे. मी आधी 'वहीला' करणार होते. मग काकांचं आठवलं आणि पिवळा रंग दिला. लेख ६ मध्ये "होळीनंतर दाढ भाजली" हे वाक्य बरोबर आहे का? आणि "तरवा काढायला बायका पहाटे गेल्या" इथे 'तरवा' म्हणजे काय? माझ्या संगणकाचा शब्दतपासनीस तिन्हींच्या खाली लाल रेघ मारतोय.


वाशिष्ठीकाठ · १५ जून, रात्री १०.०५

बरं झालं बदललं नाहीत! तिन्ही बरोबर आहेत. वई म्हणजे कुंपण, आमच्याकडे काट्याकुट्यांचं, झुडपांचं असतं. दाढ म्हणजे भाताचं रोप करायची जागा. तिच्यावर पालापाचोळा, शेण, कवळं पसरून ती भाजतात, म्हणजे तण मरतं आणि राखेचं खत होतं. तरवा म्हणजे त्या जागी उगवलेली भाताची कोवळी रोपं. ती उपटून, जुड्या बांधून लावणीला नेतात.


वैनगंगा · १५ जून, रात्री १०.२०

अहो, म्हणजे पऱ्हे! आमच्याकडे धानाचे पऱ्हे म्हणतात त्याला. माझी आई अजून रोवणीला जाते. पऱ्ह्याच्या जुडीला घट्ट बांधलं तर मुळं चेंबतात म्हणून ती नव्या बायांना रागावते. आईंच्या लेखातही अगदी तेच आहे, "जुडी बांधावी ती लेकराच्या शेंडीसारखी". मी ते वाक्य आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या बाईनं रोवणी केली हाय, आयकून लिवलं नाही."

आणि बघा, 'पऱ्हे'तही तोच आडवा 'र' आहे.


खिळेजुळारी · १६ जून, सकाळी ६.३०

वैनगंगा ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

माझे आठ झाले. ८ पिवळे शब्द आहेत, त्यातले ६ मूळ टाइप करणाऱ्याच्या हातून झालेले वाटतात. २९ मध्ये एका ठिकाणी 'वाशिष्ठी' नदीचं 'वशिष्ठी' झालंय.


वाशिष्ठीकाठ · १८ जून, रात्री ११.४५

आज चिपळूणला आलेय. रविवार धरून चार दिवस आहे.

सगळे चाळीस लेख एका फाइलीत घेऊन आईच्या मोबाइलवर घातले. अक्षर एवढं मोठं केलं की एका पडद्यावर सात-आठ ओळी मावतात. पहिल्यांदा तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "हा ल कुणाचा? हा श पण माझा नाही." फाँटमध्ये हिंदी वळणाची रूपं आली होती. अर्धाविसर्ग यांना तिथूनच फोन केला. त्यांनी सांगितलं की कितीतरी फाँटमध्ये मराठी रूपं आत असतात, मजकुराची भाषा हिंदी ठेवली असेल तर ती दिसत नाहीत. भाषा मराठी केली आणि पाकळीचा ल, देठाचा श आला. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हीच रूपं मराठीसाठी धरली आहेत, हे मला आजच कळलं. आईला तो निर्णय ठाऊक नव्हता. तिने तीस वर्षं फळ्यावर तेच काढले होते.

मग ती वाचायला बसली. पडवीत, संध्याकाळी, बाहेर पाऊस होता. मी चहा ठेवायला आत गेले तर मागून आवाज आला, ती मोठ्याने वाचत होती. वर्गात वाचायची तसं, विरामचिन्हावर थांबून. 'आगोट' पूर्ण वाचला. 'विहिरीवरची भांडणं' वाचताना एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "इथे मी दोन ओळी खोडल्या होत्या, त्याने तशाच टाइप केल्या. राहू देत. ती बाई आता नाही, पण खरंच तसं बोलली होती."

काका, 'वाशिष्ठी' तिने तुमच्याआधी पकडली असती असं ती म्हणतेय. पण तुमची नोंद दाखवली तर खूश झाली. पिवळे शब्द एकेक करून विचारले. एकूण ३४ होते, २१ जसेच्या तसे ठेवायला सांगितलेत.

शेवटी तिने विचारलं, "सतरावा कुठे आहे?" ४१ चा आकडा तिच्या लक्षात आहे. मी खरं ते सांगितलं.


खिळेजुळारी · १९ जून, सकाळी ६.०५

ताई, ती सीडी माझ्याकडे पाठवाल का? आमच्याकडे दोन जुने ड्राइव्ह आहेत. वाचून न झालेला भाग पुन्हा पुन्हा हळू वेगाने वाचून बघणारी आज्ञावली अर्धाविसर्ग मला शिकवतील.


अर्धाविसर्ग · १९ जून, सकाळी ९.००

काका, आज रात्री नऊला फोन करतो, दोघं मिळून करू.


खिळेजुळारी · २७ जून, रात्री ८.४०

सीडी कुरियरने सुखरूप आली. पहिल्या ड्राइव्हने काहीच दिलं नाही. दुसरा रात्रभर चालू ठेवला. सकाळी सतराव्या लेखाची सुरुवातीची अडीच पानं हाती आली. पुढे शून्यं आहेत, मजकूर नाही. आणखी दोन रात्री चालवून बघितलं, त्यापुढे सरकत नाही. सीडीच्या कडेला थर उडालाय, उजेडाकडे धरली की आरपार दिसतं. जमलं तेवढं अर्धाविसर्ग यांच्याकडे पाठवलंय. पूर्ण देऊ शकलो नाही याचं वाईट वाटतं.


अर्धाविसर्ग · २७ जून, रात्री ११.१०

अडीच पानं युनिकोडमध्ये आणून पाठवली आहेत. शेवटची पूर्ण ओळ अशी आहे: "तिचे वडील दारातच उभे राहिले आणि म्हणाले, बाई, हिला"


वाशिष्ठीकाठ · २८ जून, दुपारी ३.२०

आईला फोनवर ती अडीच पानं वाचून दाखवली. "बाई, हिला" इथे मी थांबले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "हिला फक्त सही शिकवा, पुढचं आमचं आम्ही बघू. असं म्हणाले ते. लिहून घे."

मी बोलून टाइप करायची सोय चालू केली, पण ती 'वई'चं 'वही' आणि 'तरवा'चं 'तलवार' करायला लागली, म्हणून बंद केली. आता आई सांगते, मी इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टाइप करते. शिफ्ट धरून 'र' दाबला की 'ऱ' येतो, त्याच्यापुढे हलन्त आणि 'य'. एवढं काकांनी शिकवलंय. आज पाऊण पान झालं. तिची वाक्यं सांगतानाही लेखी येतात, स्वल्पविरामासकट.

रोज दुपारी दीडला, तिचं जेवण झालं की. झालेला मजकूर रात्री इथे टाकत जाईन. वैनगंगा ताई, सतरावा तुम्ही तपासाल का?


वैनगंगा · २८ जून, दुपारी ३.३१

हो. रात्री वाट बघते.